सलीमभाईला उठवू नका

सलीमभाई गेला तेव्हा अकोल्यातल्या त्याच्या शिलाईच्या दुकानात दोन गिऱ्हाईकं बसून होती. भरदुपारी मशीनवर डोकं टेकून तो झोपला आणि गिऱ्हाईकं आवाज खाली करून गप्पा मारत राहिली. शेजारच्या मशीनवर त्याची मुलगी नसरीनही शिवत राहिली. बराच वेळ झाला तरी अब्बा उठेनात, तेव्हा तिनं हात लावून पाहिला... "काका, आमाले वाटलं नेहमीचंच हाय," फोनवर ती मला एवढंच म्हणाली. हृदय बंद पडलं होतं.

सलीमभाईला झोपेचा आजार होता, मेंदूतून येणारा. दिवसातून चार-पाचदा झोप त्याला गाठायची, आणि मोठ्यानं हसला की गुडघ्यातलं बळच जायचं. हे कळायला निम्मं आयुष्य गेलं. तोवर तो आळशी होता, बेवडा होता. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! नसरीनच्या साखरपुड्यात हसता हसता कोसळला, तर 'बाप पिऊन आला' म्हणत पाहुण्यांनी सोयरीक मोडली. त्यानंतर कुठे मी त्याला आमच्या अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. इतकी वर्षं अकोल्याला जाऊन त्याच्याकडून सदरे शिवून घेतले आणि मीही त्याला 'पेंगूशेठ' म्हणत आलो. त्याची लाज मला अजून वाटते.

आजाराला नार्कोलेप्सी हे नाव मिळालं आणि सलीमभाई पेटला. "लपवू कावून? म्या काय चोरी केली?" माप घेता घेताच सांगायचा, "मले दिवसा झोप येते, बिमारी हाय. पंधरा मिनिटं उठवू नका. पटत नसन त कपडा घेऊन जा." काही जण खरंच कापड उचलून गेले. बाकीचे शिकले. हसणंही त्यानं सोडलं नाही. आधी खुर्चीत नीट बसायचा, मग म्हणायचा, "हं, सांग आता तुहा चुटकुला."

आता भेटायला येणारे नसरीनला ऐकवतात, वेळेवर उठवलं असतं तर... डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. ते तसं म्हणाले नसते, तरी मी या लोकांशी भांडलोच असतो. एका माणसाला दिवसा झोपू द्यायला अख्खी गल्ली शिकली, ती काय चूक झाली?

गेल्या आठवड्यात दुकानात गेलो, तर एक बाई तेच बोलल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नसरीननं मशीन थांबवलं.

"खाला, अब्बाले लोकायनं जिंदगीभर हलवून हलवून उठवलं. म्या झोपू देलं."

आणि बाईंच्या हातातलं कापड घेऊन तिनं माप विचारलं.