स्वीपच्या मागचा माणूस

“सतरा. पूर्ण. निघा!” मी ओरडलो आणि शिट्टी वाजवली.

प्रत्यक्षात सोळाच होते. सतरावा माणूस महादेवाच्या देवळामागे उभा होता आणि त्याला तिथं मीच उभं केलं होतं.

असं का केलं, ते सांगायचं तर आधी आमचा ग्रुप सांगायला हवा. चौतीस वर्षं वीज कंपनीत काढून मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रिटायर झालो. घरात बसून बायकोच्या कामात लुडबूड करू लागलो, तेव्हा तिनंच मला या लातूरच्या सायकल ग्रुपमध्ये ढकललं. दर रविवारी सकाळी आम्ही ऑफ-रोड जातो. ऑफ-रोड म्हणजे डांबर सोडून. कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता, गाडीवाट, पांदण, माळ. सायकल जाड टायरची लागते आणि टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे दगडावरून उड्या मारत नाही. ग्रुपमध्ये यायला अट एकच, यावंसं वाटलं पाहिजे. त्यामुळे आमच्यात ऐकू न येणारा एक टेलर आहे, सत्तरीला टेकलेल्या नर्सबाई आहेत, साडीवर सायकल चालवणाऱ्या दोन जावा आहेत. सगळ्यात हळू जाणाऱ्याचा जो वेग, तोच ग्रुपचा वेग.

लीडर सगळे हौशी. पगार नाही, भत्ता नाही, वर सगळ्यांची बोलणी खायची. प्रत्येक राइडला दोन लीडर असतात. पुढे असतो तो लीड. रस्ता त्यानं ठरवायचा. अगदी शेवटी असतो तो स्वीप. कुणी दमलं, कुणाची चेन पडली, तर स्वीपनं त्याच्यासोबत थांबायचं. निघताना माणसं लीडनं मोजायची आणि पोचल्यावर स्वीपनं. स्वीप आला म्हणजे सगळे आले, कारण स्वीपच्या मागे कुणी नसतं. हा नियम नव्या लीडरना मीच शिकवतो. इतका घोळवून शिकवतो की लोक जांभया देतात.

त्या रविवारी बसवराजची चाचणी होती.

बसवराज मूळचा उदगीरकडचा. लातुरात त्याचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, बोलायला तिखट. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डाव्या पायात जोर नाही. त्याची सायकल आमच्या रहीमभाईंनी करून दिली. रहीमभाईंचं सायकलचं दुकान आहे आणि ते स्वतःही ग्रुपमध्ये चालवतात. त्यांनी बसवराजच्या सायकलचं डावं पेडल काढलं, तिथं फ्रेमला एक फुटरेस्ट जोडला आणि उजव्या पेडलला चामड्याचा पट्टा लावला. पट्ट्यामुळे एकच पाय पेडल दाबतोही आणि वर ओढतोही. असा तो एका पायावर तीन वर्षं आमच्याबरोबर येत होता.

दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, मला लीडर व्हायचंय.”

“का रे बाबा? सुखासुखी कटकट कशाला?”

“तीन वर्षं झाली, सगळे मला सांभाळून नेऊन राहिले. नाला आला की चौघं धावतात. सायकल उचलतात, मला उचलतात. लई चांगली माणसं हायत. पण एकदा मला कुणाला तरी सांभाळून न्यायचंय.”

मला भरून आलं. त्याला शिकवायचं मीच अंगावर घेतलं. दोन महिने तो मन लावून शिकला. चाचणी म्हणजे पूर्ण बावीस किलोमीटर स्वीपचं काम करायचं. नापास झाला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबायचं, कारण उन्हाळ्यात आमच्याकडे नऊ वाजताच भाजायला लागतं आणि पावसाळ्यात काळी माती सायकलला पुढे सरकू देत नाही. आणि बसवराजनं स्पष्ट सांगितलं होतं, या वेळी जमलं नाही तर परत विचारणार नाही.

अडचण एकाच जागी होती. औशाकडच्या शिवारात दुसऱ्या थांब्यानंतर, म्हणजे महादेवाच्या देवळाच्या पुढे, एक खडकाळ नाला लागतो. उतार निसरडा आणि पलीकडचा चढ सरळ अंगावर येतो. सरावात बसवराज तिथं दोनदा पडला होता. कोपर सोलून निघालं होतं. त्याला पुन्हा तसं पडलेलं बघायची माझी तयारी नव्हती. आदल्या दिवशी मी रहीमभाईंच्या दुकानात गेलो.

“उद्या देवळापाशी तुम्ही मागे थांबा. आम्ही निघालो की पाच मिनिटांनी या. बसवराज नाल्यात अडकला तर सहज आल्यासारखं दाखवा आणि हात द्या.”

“साब, स्वीपच्या मागं?” रहीमभाईंनी पाना खाली ठेवला. “त्याला कळलं तर खफा होईल.”

“कळणार नाही. निघताना मोजणार मीच आहे.”

तर असे ते सतरा झाले.

नाला मी ओलांडला. माझ्यामागे एकेक जण आला. पलीकडे अर्ध्या किलोमीटरवर कडुनिंबाखाली तिसरा थांबा होता. शोभाताईंनी सुशीलाचा, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांचा, भलामोठा डबा उघडला. शोभाताई एका कॉलेजच्या लायब्ररीत आहेत आणि ग्रुपचं सगळं त्याच बघतात. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणून सगळे त्यांना वचकून असतात. त्यांचा नियम असा की स्वीप आल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही.

दहा मिनिटांनी बसवराज आला. घामानं निथळत होता, पण चेहरा फुललेला.

“पडलास का?” मी विचारलं.

“न्हाई. चढाला उतरलो आन् सायकल ढकलत आणली. पडायचं कशाला? उतरता येतंय की.”

दोन महिने मी त्याला नाला चालवत कसा पार करायचा तेच शिकवत होतो. उतरून ढकलण्याचा विचार मला शिवलाही नव्हता. मी खूश झालो. म्हटलं, झालं, पोरगं सुटलं.

बसवराजनं बोट दाखवत माणसं मोजली. परत मोजली.

“साहेब, सोळा हायत. रहीमभाई कुठं गेले?”

“येतील मागून. बस तू, खाऊन घे.”

“मागून?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “माझ्या मागून कोण येणार? मी शेवटचा हाय.”

मी बाजूला जाऊन रहीमभाईंना फोन लावला. फोन बंद. पुन्हा लावला. बंदच. खरं तर ते एव्हाना पोचायला हवे होते.

“मी बघून येतो,” मी सायकल उचलली.

बसवराज आडवा आला. “तुम्ही लीड हायत. लीडनं ग्रुप सोडून मागं जायचं न्हाई. तुम्हीच शिकवलंय. मागचं काम माझं.” त्यानं पट्टा आवळला आणि आला त्या वाटेनं परत गेला.

इथं माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. खांबावर काम करायचं असेल तर आधी लाइन बंद करून सबस्टेशनकडून परमिट घ्यावं लागतं. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच आपली सगळी माणसं खाली उतरलेली डोळ्यांनी बघायची, मोजायची आणि परमिट परत करायचं. मगच लाइन चालू. ‘उतरले असतील’ हा शब्द आमच्याकडे चालत नाही. ‘असतील’ म्हणणाऱ्या एका वायरमनला मी चारचौघांत झापलं होतं, तो रडायच्या बेताला आला होता. आणि आज कडुनिंबाखाली उभा राहून मीच म्हणालो होतो, येतील मागून. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

शोभाताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “जोशी साहेब, देवळापासून निघताना तुम्ही किती मोजलेत?”

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“त्याला माहीत आहे?”

“नाही.”

“मग तो आल्यावर त्याला तुम्हीच सांगायचं. सगळ्यांसमोर.”

“मला वाटलं, मदत होईल.”

“ते मला समजलं,” त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावून टाकलं.

पाऊण तास गेला. पंधरा भुकेले लोक त्या डब्याकडे बघत बसले. जावांपैकी धाकटीनं दोनदा विचारलं, झाकण नीट लागलंय का बघू? शोभाताईंनी मान हलवली. नर्सबाईंनी फर्स्ट-एडची पिशवी काढून मांडीवर ठेवली. मी रस्त्यावर येरझाऱ्या घालत होतो.

मग नाल्याच्या बाजूनं दोन सायकली येताना दिसल्या. पुढे रहीमभाई. गुडघ्यापर्यंत चिखल, डाव्या घोट्याला रुमाल बांधलेला आणि बसलेले होते बसवराजच्या सायकलवर. डावा पाय फुटरेस्टवर, उजवा पट्ट्यात. त्यांच्या मागे, रहीमभाईंच्या सायकलवर, डावा पाय लोंबता सोडून बसवराज. त्याच्याजवळ जादा पट्टा कायम असतो, तो त्यानं त्या सायकलच्या उजव्या पेडलला बांधला होता. आणि मागून त्याचं ओरडणं चालू होतं, “दाबू नका हो नुसतं! वर ओढा, वर! हाव, आता कसं!”

झालं होतं ते असं. आपण दिसू नये म्हणून रहीमभाई रस्ता सोडून हरभऱ्याच्या बांधावरून निघाले. कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि रान नुकतंच भिजलेलं. काळ्या चिखलानं चाकं गच्च झाली, ते घसरून पाटात पडले, घोटा मुरगळला आणि फोन पाण्यात गेला. एकाच पायावर उड्या मारत कसेबसे रस्त्याला लागले होते. बसवराजला ते तिथं दगडावर बसलेले दिसले. नाल्यात तेवढे दोघं उतरले आणि बसवराजनं सायकली एकेक करून ढकलत वर आणल्या.

“एका पायावर कसं जायचं म्हणून हे रडून राहिले,” बसवराज हसत सांगू लागला. “म्हटलं, योग्य माणूस आलाय, चला.”

“साब, दोन किलोमीटरमध्ये माझी कंबर गेली,” रहीमभाई उतरत म्हणाले. “तो फुटरेस्ट मी चार बोटं वर लावलाय. पाय नुसता अवघडतो. तीन वर्षं हा असाच चालवतोय! बोलला का न्हाई रे?”

“तुम्ही कुठं इचारलं? एवढ्या प्रेमानं करून दिली, नावं कशी ठेवू?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. नर्सबाई घोटा बघत होत्या, मोडलं नव्हतं. शोभाताईंनी माझ्याकडे फक्त बघितलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं. देवळामागे रहीमभाईंना मी थांबवलं, मोजणी मी खोटी सांगितली, बसवराजला नाल्यात मदत व्हावी म्हणून. त्यांचा घोटा माझ्यामुळे गेला.

बसवराजचं हसू गेलं. त्यानं पट्ट्याचं बक्कल उघडलं, पुन्हा लावलं.

“म्हंजे मी पडणार हे तुम्ही आधीच धरलं होतं,” तो म्हणाला. “पडलो असतो तर पडलो असतो, साहेब. उठलोही असतो. दोन महिने मला शिकवलं आन् शेवटाला भरवसा ठेवला त्या देवळामागच्या माणसावर.”

“चुकलो,” मी म्हणालो.

“मला पास करू नका,” तो शोभाताईंना म्हणाला. “ही चाचणी खरी झाली न्हाई.”

“उलट हीच खरी झाली,” शोभाताई म्हणाल्या. “लीड सांगत होता बस, खाऊन घे. तू बसला नाहीस. मागे गेलास आणि माणूस घेऊन आलास. स्वीपचं काम याहून वेगळं काय असतं? मी परीक्षक बदलते. जोशी साहेबांच्या ऐवजी मी. तू पास.” त्यांनी स्वतःच्या गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली.

बसवराजनं शिट्टी धरली आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. टेलर जवळ गेला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून डब्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यानं वातावरण जरा मोकळं झालं.

“आता लीडर म्हणून पहिलं काम,” शोभाताई म्हणाल्या. “खोटी मोजणी सांगणाऱ्या लीडचं काय करायचं, ते तू सांग.”

त्यानं डोळे पुसले आणि अजिबात वेळ घेतला नाही. “तीन महिने शिट्टी काढून घ्या. नव्या माणसासारखं मधे चालवायचं. आन् रहीमभाईंना रोज दुकानात सोडायचं, घोटा बरा होईस्तवर.”

मला शिक्षा मान्य होती. सुशीला गार झालं होतं, तरी दोनदा घेतलं.

रहीमभाईंचा घोटा पंधरा दिवसांत बरा झाला. स्टूलवर बसल्या बसल्या त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे फुटरेस्ट चार बोटं खाली घेतला. या वेळी आधी बसवराजला सायकलवर बसवून, पाय ठेवायला लावून, खडूनं खूण करून.

मी मधे चालवू लागलो. खरं सांगतो, मजा येते. रस्त्याची काळजी पुढच्याला, माणसांची मागच्याला. मी आपला हरभरा बघत जातो. पुढच्या महिन्यात तोच नाला पुन्हा आला. गडबडीत मी चुकीचा गिअर टाकला आणि चढाच्या मध्यावर सायकल थांबली. पाय टेकला, दगड निसटला, मी सायकलसकट आडवा. बाकीचे वर निघून गेले होते. बसवराज मागून आला आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबला.

“साहेब, मदत पाहिजे का?”

माझा गुडघा ठणकत होता. क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. “नको,” मी म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला आणि हँडलवर हात ठेवून उभा राहिला. ना पुढे सरकला, ना घाई केली. मी उठलो, कपडे झटकले, सायकल ढकलत वर नेली. मला सात-आठ मिनिटं तरी लागली असतील. तेवढा वेळ तो तिथंच होता. दोन महिने शिकवताना मी त्याला हजार सूचना दिल्या होत्या, पण ‘मदत पाहिजे का’ हा तीन शब्दांचा प्रश्न त्याला एकदाही विचारला नव्हता.