किल्ली आत, जावई बाहेर

इंजिन चालू, किल्ली आत आणि चारही दारं बंद अशा अवस्थेत गाडी भर रस्त्यात उभी करून दाखवणारा पदार्थविज्ञानाचा शिक्षक सोलापुरात एकच आहे, आणि तो मी आहे.

बरं, गाडी माझी असती तर गोष्ट वेगळी. गाडी होती सासूबाईंची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी (मी बावन्नचा), कैरीसारखी हिरवीगार, पुढचे दिवे डोळे वटारल्यासारखे आणि हॉर्न सर्दी झालेल्या म्हशीसारखा. सासऱ्यांनी हौसेनं, जुनीच घेतली खरी, पण क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. मग सासूबाईच शिकल्या. आठ दिवसांत! तीस वर्षं त्या ह्या गाडीतून शाळेत शिकवायला गेल्या. अख्खी पेठ तिला 'बाईंची गाडी' म्हणते. मध्ये चार-पाच वर्षं ती ताडपत्रीखाली झोपली होती. तिला उठवायला सासूबाईंनी दीड वर्ष घालवलं. मागच्या खिडकीची एक काच मिळवण्यासाठी हैदराबादपासून राजकोटपर्यंत फोन झाले. माझं लग्न जमवताना माझ्याबद्दल इतकी चौकशी झाली नव्हती!

गेल्या अधिक महिन्यात त्यांनी मला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. जावयाचा मान! नवा पांढराशुभ्र झब्बा, रांगोळी काढलेला पाट, पुरणाचे धोंडे, अनारशांचा डबा. मात्र जेवणाआधी अक्कलकोटला दर्शन, आणि तेही बाईंच्या गाडीतून, गाडी चालवणार स्वतः बाई.

"उद्या माझ्या लायसनची मुदत संपते," सासूबाई म्हणाल्या. "शहात्तर झाली वयाची. आता पुन्हा काढायचं नाही. लोकांनी 'बास' म्हणायच्या आधी आपण म्हणावं. आज तुम्हा दोघांना फिरवून आणते, आणि मग किल्ली सुजाताच्या हातात."

सुजाता म्हणजे माझी बायको. तिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मला तेवढ्यात एक काम सांगण्यात आलं. अनारशांचा डबा गाडीत ठेवायचा. एवढंच.

"आणि जावईबापू, ड्रायव्हरच्या बाजूचं दार आपटायचं नाही हं. आपटलं की खिट्टी आपोआप खाली बसते. बाकीची तिन्ही दारं मी आतून लावलेलीच आहेत."

"हो, हो," मी म्हणालो. माझे विद्यार्थी मला ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.

डबा ठेवला. काम संपलं. इथं शहाणा माणूस घरात जाऊन पंख्याखाली बसला असता. पण मला वाटलं, सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन येईपर्यंत इंजिन गरम करून ठेवावं. किल्ली फिरवली, गाडी खोकली, सुरू झाली. मागच्या नळीतून निघणारा धूर बघून मला वाटलं, काय सुंदर फोटो येईल! मी ऐटीत उतरलो आणि सिनेमातले हिरो लोटतात तसं पाठीमागं दार लोटलं.

खट्!

एवढा लहान आवाज आणि एवढा मोठा परिणाम मी प्रयोगशाळेतही कधी बघितला नव्हता.

सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांनी धडधडणाऱ्या गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"किल्ली?"

"आत आहे."

"आणि तुम्ही?"

"बाहेर आहे."

सासूबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. "असू द्या, जावईबापू."

हे 'असू द्या' फार वाईट असतं. मुलगा असता तर त्याला दोन शिव्या बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. जावयाला रागावता येत नाही. मग तो राग घरभर फिरतो, भांड्यांना लागतो, आणि जावई मात्र मान घेत उभा!

"दुसरी किल्ली असेल ना?" मी आशेनं विचारलं.

"आहे की. हरवू नये म्हणून गाडीच्याच कप्प्यात ठेवलीय."

(खरं सांगतो, मला क्षणभर बरं वाटलं. एकूण गुन्ह्यात माझा वाटा शंभरावरून नव्वद टक्क्यांवर आला होता.)

आता मुख्य संकट होतं इंजिनचं. सकाळचे साडेनऊ, पण सोलापूरचं ऊन! जागेवर उभी राहून गाडी अशीच चालू राहिली तर पाणी उकळणार, इंजिन जाम होणार, आणि बॉनेट उघडायची तारही आतच. तेव्हा माझ्यातला शिक्षक जागा झाला. मी म्हणालो, "धुराला बाहेर जायला वाटच दिली नाही, तर इंजिन आपोआप गुदमरून बंद पडेल. साधं शास्त्र आहे."

सुजातानं एक ओला टॉवेल आणून दिला. आमचा सोलापुरी, चांगला जाडजूड! मी तो नळीत कोंबला आणि अभिमानानं वाकून बघू लागलो. (वाकून बघायचं नसतं, हेही साधं शास्त्र आहे.) ढुम् असा आवाज झाला आणि टॉवेल तोफगोळ्यासारखा सुटून माझ्या छातीवर बसला. पांढरा झब्बा, चेहरा, चष्मा, सगळं एका दमात काळं! चष्मा काढला तेव्हा फक्त डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं उरली होती.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "लागलं का हो? असू द्या, असू द्या."

मी हट्टाला पेटलो. घरात गेलो, माझ्यासाठी मांडलेला पाट उचलून आणला, टॉवेल पुन्हा कोंबला, वर पाट लावला आणि दोन्ही हातांनी रेटून धरला. गाडी थरथरली, उचक्या दिल्या, आणि बंद पडली! रस्त्यावर एव्हाना पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शास्त्राला टाळ्या मिळाल्या.

तेवढ्यात सासूबाईंनी फोन करून बोलावलेले महबूबभाई आले. सासूबाईंच्या गाडीला हात लावायची परवानगी असलेले हे शहरातले एकमेव मेकॅनिक. त्यांनी काचेतून आत बघितलं.

"बाई, ये कौन किया?"

"आमचे जावई."

"अच्छा." महबूबभाईंनी माझ्याकडे आपल्या आजारी मुलाकडे बघावं तसं बघितलं. "होता है, होता है." मग गंभीर होऊन म्हणाले, "लेकिन इंजन बंद और चाबी चालू है ना, आधे घंटे में कॉइल जल जाएंगा. इस गाडी का कॉइल अब कां मिलता?"

म्हणजे माझ्या विजयाचं आयुष्य दोन मिनिटं. उलट आता घड्याळ लागलं होतं!

महबूबभाईंनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली. "काच के बाजू से डालता हूं."

"रबर फाटेल," सासूबाई म्हणाल्या. "ते रबर मिळायला सात महिने लागले."

"तो फिर तार?"

"रंगाला ओरखडा पडेल."

महबूबभाईंनी चाचरत चाचरत हातोडा काढला आणि पुढच्या छोट्या तिकोनी काचेकडे बघितलं. तीस वर्षं वर्गावर ज्या नजरेनं शांतता पसरली, त्या नजरेनं सासूबाईंनी नुसतं बघितलं. हातोडा निमूटपणे पिशवीत परत गेला.

"मला एक सुचतंय," मी म्हणालो.

"तुम्ही काही करू नका," सुजाता म्हणाली. तिला मला रागावायचा अधिकार आहे आणि ती तो नियमित वापरते. "नुसते उभे राहा. उभं राहणं जमेल ना?"

पण मी घरात जाऊन बेसिन तुंबलं की वापरायचा रबरी पंप घेऊनसुद्धा आलो होतो. कल्पना अशी : पंप काचेवर दाबायचा, तो हवेनं घट्ट चिकटेल, मग काच हळूच खाली ओढायची. ओरखडा नाही, फाटाफूट नाही. मी मागच्या खिडकीवर (होय, हैदराबाद ते राजकोटवाल्या काचेवर!) पंप दाबला. चिकटला. खाली ओढला. काच हलली नाही. बरं, मग पंप काढू लागलो.

पंप निघेना!

मी ओढला, महबूबभाईंनी ओढला, गर्दीतल्या एका पैलवानानं ओढला. "जास्त वडू नगा, काच यील बाहेर!" कुणीतरी ओरडलं. वायुदाब म्हणजे काय हे मी बावीस वर्षं शिकवतोय. मला स्वतःला ते त्या दिवशी समजलं. कैरीसारख्या हिरव्या गाडीला बाजूनं एक शिंग फुटलं होतं.

"असू..." सासूबाई म्हणाल्या. 'द्या' काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या पायरीवर बसल्या. ताटातलं निरांजन कधीच विझलं होतं. "जाऊ दे सुजाता. नसेल नशिबात. आपण रिक्षानं जाऊ."

त्या 'रिक्षानं'वर मात्र मी पंपाची मूठ सोडली. तोवर सगळी गंमत चालली होती. आता समोर एक शहात्तर वर्षांची बाई होती, जिची शेवटची फेरी मी एका लोटलेल्या दारासाठी घालवली होती. मला रडू आलं असतं, पण काजळी डोळ्यांत गेली असती.

"टीचरम्मा, मी बघू का?"

समोरच्या घरातल्या नरसम्मा. सासूबाईंच्याच वयाच्या, चाळीस वर्षं मागावर चादरी आणि टॉवेल विणलेल्या. मघापासून आपल्या उंबऱ्यात बसून त्या हा तमाशा बघत होत्या.

"तू काय करणार गं?" सासूबाईंनी विचारलं.

"ती खिट्टी हाय की नाही, तिला वर डोकं हाय. भुईछत्रीवाणी. दोरा अडकंल की."

महबूबभाई हसले. पैलवान हसला. मीही हसलो. (माझ्या चिकटलेल्या पंपासमोर उभं राहून!)

नरसम्मांनी घरातून पिळाचा पांढरा सुती दोरा आणला. मधोमध एक सरकगाठ मारली. दोऱ्याचं एक टोक महबूबभाईंच्या हातात, एक आपल्या. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून दोरा रबराखाली असा सरकवला की रबराला कळलंसुद्धा नसेल. मग डावीकडून थोडा, उजवीकडून थोडा, करवतीसारखा हलवत खाली, खाली, खाली. आत, काचेपलीकडे, ते इवलंसं वेटोळं खिट्टीच्या डोक्यावर डुलायला लागलं.

एकदा अडकलं. निसटलं!

"आता काय?" माझा आवाज फाटला.

"तुमी बोलू नका, जावईबापू," नरसम्मा म्हणाल्या. "चालू मागावर तुटलेला दोरा जोडलाय मी. ही तर उभी हाय."

वेटोळं पुन्हा खाली आलं. खिट्टीच्या गळ्यात बसलं. नरसम्मांनी दोन्ही टोकं हातात घेतली, हळूच ताणली, गाठ आवळली. मग सरळ वर ओढलं.

टक्!

काय आवाज होता तो! रस्त्यावर जो जल्लोष झाला, त्यानं दोन गल्ल्या पलीकडची माणसं धावत आली. महबूबभाईंनी आत झेप घेऊन आधी किल्ली फिरवली. "कॉइल सलामत!" पैलवानानं शिट्टी मारली. सासूबाई पायरीवरून विशीतल्या पोरीसारख्या उठल्या आणि त्यांनी नरसम्मांना कडकडून मिठी मारली. काचेला तडा नाही, रबराला चीर नाही, रंगाला ओरखडा नाही!

"नरसम्मा, पुढं बस," सासूबाई म्हणाल्या. "आज तूही यायचं."

अशा रीतीनं, नळीतला टॉवेल काढून, पुढं दोघी, मागं आम्ही दोघं (मला तोंड धुवायलाही सवड दिली नाही), आणि माझ्या खिडकीला तो पंप! अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर सासूबाईंनी जी गाडी सोडली! एक ट्रॅक्टर मागं टाकला, दोन मोटारसायकली मागं टाकल्या, आणि मग म्हशीचा हॉर्न वाजवत एक भरलेली एस.टी. मागं टाकली. एस.टी.च्या ड्रायव्हरनं खिडकीतून हात बाहेर काढून सलाम केला. नरसम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या. वळसंगच्या पुढं पंप आपोआप गळून पडला. मी तो परत घ्यायला थांबा म्हणालो नाही. मला अक्कल येते, उशिरा येते एवढंच.

"आई, मग किल्ली?" सुजातानं हळूच विचारलं.

"बघू की," आरशातून मागं एक नजर टाकून सासूबाई म्हणाल्या. "उद्या लायसनचं परत विचारून येते. घरात किल्ली सांभाळण्यासारखं अजून कुणी दिसत नाही."

अक्कलकोटला गाडीभोवती हीऽऽ गर्दी! पार्किंगवाल्या म्हाताऱ्यानं सासूबाईंशी कानडीत काहीतरी सुरू केलं. त्यांचं माहेर तिथलंच, त्याही सुटल्या. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं, सासूबाईंनी बराच वेळ सविस्तर उत्तर दिलं, आणि तिघं, म्हणजे म्हातारा, सासूबाई आणि माझी बायको, पोट धरून हसले.

"काय म्हणाल्या गं?" मी सुजाताला विचारलं.

"काही नाही. तुमचं कौतुक करत होती."

मला कानडी येत नाही, पण दोन शब्द पुन्हापुन्हा आल्याचं कानांनी टिपलं होतं. दर्शन झाल्यावर नारळ घ्यायच्या निमित्तानं मी एका दुकानदाराला गाठलं.

"अळिय म्हणजे काय हो?"

"जावई."

"आणि दड्ड?"

"मठ्ठ," तो म्हणाला. नारळ माझ्या हातात देता देता त्यानं माझा झब्बा बघितला, तोंड बघितलं, डोळ्यांभोवतीची दोन गोरी वर्तुळं बघितली, आणि आदरानं हात जोडून विचारलं,

"हिरव्या गाडीतलं त्ये तुमीच व्हय?"