डॉक्टरअक्का आणि माझ्या लग्नाचं जेवण

अक्का गेल्याचं मला कमलनगरच्या दवाखान्यात कळलं. मी आशा कार्यकर्ती. त्या दिवशी तोवर झालेली तापाच्या रुग्णांची यादी दाखवायला गेले होते. नर्सबाई कागदावरची नजर न उचलताच म्हणाल्या, "अक्का गेल्या गं... सकाळी." मी बाकावर बसून राहिले. मग उठले आणि राहिलेली चार घरं करूनच घरी गेले. अर्धवट यादी अक्कांना कधी चालली नाही.

अक्का बसवकल्याणच्या, बसवण्णांना मानणाऱ्या घरातल्या. कुठं साथ उठली की ती कशानं आली हे शोधायचं आणि तिला थांबवायचं, हे त्यांचं काम. रोग्याला तपासणारे डॉक्टर मी पाहिले होते. अख्ख्या गावाला तपासणारी डॉक्टर पहिल्यांदा पाहिली ती माझ्या लग्नानंतर पाचव्या दिवशी.

लग्न सीमाभागातल्या सासरच्या गावी, घरच्या अंगणात झालं. तिसऱ्या दिवसापासून गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. एक म्हातारे दगावले. लोक आधी म्हणाले, लग्नाचं जेवण बाधलं. मग म्हणू लागले, नवरीच पांढऱ्या पायाची. सासूबाईही अंथरुणाला खिळल्या होत्या. मी दिलेला पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला सारला. त्या तांब्याकडे बघत मी किती वेळ उभी होते, कोण जाणे...

अक्का जीपमधून उतरल्या आणि शाळेच्या ओसरीवर बसल्या. "मराठी-कन्नड दोन्ही कोण लिहितंय?" मी हात वर केला. मागून एक बाई ओरडली, "तिला कामून घ्यायलात? तिच्यापायीच झालंय सगळं!"

"व्हय का?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "मग तिला संगं घेऊनच बघू." आणि कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

दोन दिवस आम्ही दारोदार फिरलो. मला बघून कुणी दार लावलं, की अक्का पायरीवर बसून राहायच्या, दार उघडेपर्यंत. आजारी नसलेल्यांनाही त्या तेवढंच खोदून विचारत. मी कारण विचारलं. "आजारी माणूस अर्धंच सांगतंय गं. उरलेलं अर्धं धडधाकट माणसाकडं असतंय."

माझ्या माहेरच्या पाहुण्यांना त्यांनी एकेक करून फोन लावले. सगळे पोटभर जेवून गेले होते, आणि एकालाही काही झालं नव्हतं. दगावलेले म्हातारे तर लग्नाला आलेच नव्हते. मग अक्कांनी कागदावर गावातल्या गल्ल्या काढल्या आणि आजारी घरांवर लाल ठिपके दिले. सगळे ठिपके टाकीच्या नळाच्या गल्ल्यांत पडले. वरची गल्ली बोअरचं पाणी प्यायची. तिथं एकही नाही. नळाच्या पाइपाच्या कडेकडेनं चालत गेलो, तर जोडाशी तो फुटलेला आणि वर गटाराचं पाणी साचलेलं.

त्याच दिवशी नळ बंद झाला, टँकर आला. पाइप दुरुस्त झाला, टाकी धुऊन पाण्यात औषध पडलं. आठवडाभरात नवा रुग्ण सापडेना. तेव्हा अक्कांनी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं आणि दोन्ही भाषांत सांगितलं, "दोष जेवणात नव्हता, पाण्यात होता. ह्या पोरीनं घर न् घर लिहून आणलं, म्हणून सापडला."

मागे बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "पोरी, पाणी आण गं मला."

"उकळलेलं आण," अक्का म्हणाल्या, आणि सगळं पटांगण हसलं.

पुढं आशाच्या कामाला त्यांनीच मला लावलं. किती गावांत त्यांच्या मागे हिंडले मी! कौतुक त्यांच्या वाट्याला फारसं आलं नाही. मी एकदा चिडून तसं बोलले, तर म्हणाल्या, "साथ आलीच न्हाई तर आपलं काम दिसणार कुणाला? न दिसू दे." मला मात्र ते दिसलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकले, हे मी आजही मान वर करून सांगते.

मागच्या आठवड्यात त्यांच्या मैलूरच्या घरी गेले. अक्कांचे यजमान, अप्पा, एकटेच होते. त्यांनी अक्कांचा फोन अजून चालू ठेवलाय. रोज चार्ज करतात. आम्ही चहा घेत असतानाच तो वाजला. अप्पांनी उचलून स्पीकर लावला. औरादकडच्या एका खेड्यातून कुणी विचारत होतं, "डॉक्टरअक्का हायत का? आमच्याकडं पोरं तापानं फणफणायलीत."

"अक्का... न्हाईत," एवढंच अप्पा बोलले. मग पटकन म्हणाले, "ठेवू नका, थांबा," आणि फोन माझ्यापुढं धरला.

मी कप खाली ठेवला, पेन उघडलं.

"बोला दादा. पहिलं पोर कुठल्या घरात आजारी पडलं?"