पिशवी माही हाय

वरवट बकालच्या जनकाबाईला नुसता खोकला आला तरी घरची माणसं आधी तिच्या लुगड्याकडे बघायची. धाकटी पोर झाली तेव्हापासून तिला लघवी धरवत नव्हती. शिंकली की गेली, पोतं उचललं की गेली, हसली तरी गेली. म्हणून बाईनं हसणंच टाकलं! सासू रुखमाबाई तिला पापडाच्या पिठाला हात लावू द्यायची नाही. 'ओली बाई' हे नावही त्याच म्हातारीनं गावभर केलेलं.

आणि हीच सासू रोज पहाटे जुन्या लुगड्याची पट्टी घेऊन यायची, गुडघा रोवून सुनेचं पोट करकचून बांधायची. बाळंतिणीचं पोट सव्वा महिना बांधतात. हिचं कधी सुटलंच नाही. "घट्ट असलं की गयत नाही वं," म्हणे. गळायचं तर जास्तच. मग आणखी एक वेढा. घ्या!

शेवटी मायलेकांनी ठरवलं, गर्भाची पिशवीच काढून टाकायची. नवरा इंद्रभान तारीख घेऊन आला. जिची पिशवी, तिला कोणी विचारलं नाही. ती मनातून पार हादरली होती. ऑपरेशनवाल्यानं एवढंच सांगितलं, की आधी नांदुऱ्याच्या भार्गवी डॉक्टरीणबाईंकडून लघवीची तपासणी करून आणा.

डॉक्टरीणबाईंनी बारीक नळीनं मूत्राशयात पाणी भरलं. खालच्या स्नायूंपाशी चिकटपट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा मशीनला जोडल्या. स्नायू आवळला की पडद्यावरची रेघ चढणार होती. सासू खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलीच.

"आवळा."

जनकाबाईनं श्वास कोंडला, पोट ताठ केलं, दातओठ खाल्ले. रेघ हलली नाही. पाणी मात्र भळकन गेलं.

"पाह्यलं? नासलीच हाय ते," सासू म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा हो! जनकाबाई, तुम्ही आवळत नाही, खाली ढकलताय. समजा, सासरा समोर बसलाय आणि वारा सरायला आला. काय कराल?"

जनकाबाई लाजेनं अर्धी झाली. पण हे काम अंगवळणी होतं. रेघ वर चढली. पुन्हा करायला लावलं, पुन्हा चढली.

"स्नायू दुबळा आहे, मेलेला नाही," पोटावरच्या वळांवर बोट ठेवत डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वरून असं आवळलं की सगळा जोर खाली येतो. पिशवीचा काही दोष नाही. पट्टी फेका आणि रोज हेच आवळायचं करा."

बाहेर थांबलेला इंद्रभान हे ऐकून उखडला. "तारीख ठरली हाय. आता मांगं सरू काय?"

"पिशवी माही हाय. मी नाही येत."

"माहेरी धाडीन तुले!"

"धाडा. काऊन आली ते साऱ्या गावाले सांगतो मी." मग ती बाकावर बसलेल्या सासूकडे वळली. "आत्याबाई, मले वाटे मीच नासली. तुमी रोज पहाटे आपल्या हातानं मले ओलं केलं."

"जीभ आवर, भवाने! मलेबी माह्या सासूनं असंच बांधलं. अजून माहं पोट बांधतो मी!"

"मंग थांबलं काय तुमचं?"

 रुखमाबाईनं पदर ओढून ओल्या मांडीवर घेतला.  एस्टीची वेळ झाली, इंद्रभाननं दोनदा हाक मारली, तरी म्हातारी बाकावरून उठेना. जनकाबाईला तिची जराही कीव आली नाही.