केळीच्या बागेतली सरकारी केबल

दापोऱ्याच्या बसथांब्यावर भेटलेल्या त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. मुलीच्या नर्सिंग प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता, म्हणून मायलेकी बुऱ्हाणपूरला निघाल्या होत्या. रस्त्यावर धूळ उडाली की बाई पदर खोचून उठत आणि नुसताच ट्रॅक्टर गेला की पुन्हा बसत.

मला सरकारी खर्चाचा हिशेब विचारायची सवय. म्हटलं, "ताई, गावात ब्रॉडबँड आलंय ना? पंचायतीवर तशी पाटी आहे."

"पाटी फारम भरते का भाऊ? उद्घाटन झालं अन् केबल रस्त्यावरच पडून राहिली. म्या ती उचलली अन् तिच्यानं केळीचे टेकू बांधले. लई पक्की!"

"कोणी तपासायला आलं नाही?"

"आले ना साहेब. बागेत केबल पाहून एकदम खुश! लिहून नेलं, केबल शेतापर्यंत पोचली."

बस आली ती खचाखच भरलेली. बाईंनी मुलीला खांद्याने आत रेटलं. आम्ही दोघं खालीच राहिलो.

"जाय माय, पाच वाजता साइट बंद होते!" बाई ओरडल्या.

सरकारने अर्ध्यात सोडलेलं काम ती मुलगी बसच्या पायरीवर एका पायावर उभी राहून पूर्ण करायला निघाली होती.