मागं कोण बसलं होतं

वैशाखरे गावाच्या पुढे एका शाळेत मी शिकवते आणि मुरबाडहून स्कूटीने ये-जा करते. एप्रिलअखेर शाळा सकाळची असते. त्या दिवशी बाराच्या सुमारास परतताना मी नेहमीच्या वळणावर करवंदं घ्यायला थांबले. डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी तिथे झाडाखाली टोपली घेऊन बसायची. ती द्रोण भरत होती, तेवढ्यात वळणापलीकडून लोखंड डांबरावर घासत गेल्याचा आवाज आला.

आम्ही दोघी धावलो. सांडलेल्या खडीवरून मोटरसायकल घसरली होती. पंचविशीतला एक माणूस रस्त्याच्या कडेला पडला होता. हेल्मेट डोक्यावरच होतं, पण पोटरीतून रक्त वाहत होतं.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं, इथून निघावं. दोन वर्षांपूर्वी शहापूरजवळ हायवेवर असाच एकजण पडलेला पाहून मी थांबले नव्हते. पोलीस, जबाब, कोर्टाच्या फेऱ्या, सगळं डोळ्यांपुढे आलं होतं. त्याचं पुढे काय झालं, मला आजही माहीत नाही.

तोवर एक टेम्पो थांबला, दोन मोटरसायकलवाले थांबले. एकजण पाण्याची बाटली घेऊन आला, दुसरा जखमीच्या बगलेत हात घालून त्याला बसवायला लागला. तालुक्याला आम्हा शिक्षकांचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. तेव्हा मी मागे बसून हजेरीपट पुरे करत होते. कानावर पडलं तेवढंच काय ते लक्षात होतं.

"त्याला उठवू नका. मानेला मार असेल," मी म्हणाले. "आणि पाणी पाजू नका."

आवाज वर्गातला निघाला असावा, कारण दोघंही थांबले. ओढणीची जाड घडी करून मी पोटरीवर दाबून धरली. टेम्पोवाल्याला एकशे आठला फोन लावायला सांगितला. त्याला जागा सांगता येईना, म्हणून त्याने फोन माझ्या कानाला धरला आणि मी वळणाची खूण सांगितली. मोटरसायकलवाले दोन्ही बाजूंना उभे राहून गाड्या हळू करायला लागले.

जखमी माणूस काहीतरी पुटपुटत होता. एकही शब्द कळत नव्हता. म्हातारी आमच्यात नव्हती. ती मागे रस्त्यावर उभी राहून खाली बघत होती.

"बाय," ती म्हणाली, "याच्या मागं कोण बसलं व्हतं?"

"का हो?"

"हितं बाईची चप्पल हाय. एकच."

मला जखमेवरचा हात काढता येईना. टेम्पोवाला आणि म्हातारी उतारावरून करवंदीच्या जाळीत शिरले. मग खालून तिचा आवाज आला, "हाय, हितं हाय. दम चालू हाय."

त्याची बायको कोरड्या ओढ्यात पडली होती. रस्त्यावरून कुणालाच दिसली नसती. "हलवू नका, नुसतं बोलत राहा तिच्याशी," मी वरून सांगितलं. म्हातारी पदराची सावली धरून तिच्याजवळ बसली. माहेर कुठलं, पोरं किती, जात्यावर बसल्यासारखं सावकाश विचारत राहिली. मी त्या माणसाला सांगितलं, "बायको सापडली. बोलतेय." तेव्हा त्याचं पुटपुटणं थांबलं आणि तो रडायला लागला.

अर्ध्या तासाने ॲम्ब्युलन्स आली. मानेला पट्टा बांधून दोघांना नेलं. मागून आलेल्या हवालदाराने वही काढली तशी मी धास्तावले.

"नाव नाय द्यायचं तर राहू द्या, बाई," तो म्हणाला. "काय दिसलं तेवढं सांगा."

मी नाव दिलं, नंबरही दिला. दोन मिनिटांत झालं. एवढ्याचीच मला इतकी वर्षं भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी, हवालदाराकडून नंबर घेऊन, त्या माणसाचा फोन आला. त्याच्या पायाला टाके पडले होते. बायकोच्या बरगड्या मोडल्या होत्या, पण जिवावरचं टळलं होतं. वेळेत सापडली, असं डॉक्टर म्हणाले होते.

फोनच्या दुसऱ्या दिवशी मी वळणावर मुद्दाम थांबून म्हातारीला सगळं सांगितलं. तिने दोन्ही हात कपाळाला लावले.

"तिच्या आयशीला कळवलं का?"

"कळवलं. आई तिच्यापाशीच आहे."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि बसायला जागा करून देण्यासाठी टोपली बाजूला सरकवली. मी स्कूटी स्टँडवर लावली आणि तिच्या शेजारी बसले.