हाताखालच्या माणसाचं पत्र

अर्जातलं बाकी सगळं भरून झालं होतं. एकच रकाना उरला होता. तुमच्या हाताखाली काम केलेल्या एका माणसाचं पत्र जोडा, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. मी त्या रकान्याकडे बघत बसलो आणि माझ्या ध्यानात आलं, की माझ्या हाताखाली काम केलेला असा एकही माणूस मला आठवत नाही, ज्याच्यावर माझा हात पडला नाही.

छिंदवाड्याला पॉलिटेक्निक करून मी साइटवर उभा राहिलो त्याला पंधरा वर्षं होत आली. सौंसर-बोरगावच्या पट्ट्यात गोदामं, शेड, कारखान्यांची ऑफिसं, असं सगळं बांधलं. ठेकेदार नागपूरचा. तो महिन्यातून दोनदा गाडीतून उतरायचा, मला सगळ्यांसमोर आईवरून बोलायचा आणि निघून जायचा. एकदा स्लॅबचा एक कोपरा खाली बसला म्हणून त्यानं माझ्याच डोक्यावरचं हेल्मेट काढून माझ्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. मी रुमाल लावला आणि तसाच मागे वळून, पाणी कमी मारलं म्हणून एका मजुराच्या कानाखाली काढली. त्या मजुराचा त्या कोपऱ्याशी काही संबंध नव्हता. आमच्याकडे मार असाच वरून खाली येतो आणि सगळ्यात खालचा माणूस घरी जाऊन कोणाला मारत असेल, ते मी कधी विचारलं नाही.

यातून बाहेर पडायची वाट गेल्या वर्षी दिसली. एका पुलाच्या कामावर मला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून घ्यायला एक कंपनी तयार झाली, पण प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं काहीतरी रीतसर शिक्षण दाखवा म्हणाली. काय शिकावं, हे कोणी सांगेना. बायको सौंसरला शाळेत शिकवते, तिनं शोधायला घेतलं. नागपूरला एक क्लास होता, दोन रविवारांत प्रमाणपत्र हातात, फोटो आणि आधार कार्ड एवढंच मागत होते. एक पोस्टानं पुस्तकं पाठवणारा डिप्लोमा होता. बाहेरच्या देशात चालणारी एक परीक्षा होती, तिच्या नमुन्याच्या प्रश्नांतले निम्मे प्रश्न, दोन माणसं भांडत असतील तर तुम्ही आधी काय कराल, या धर्तीचे होते. मी अशा प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात उत्तर दिलं, दोघांनाही दोन ठेवून देईन. चार पर्यायांत ते नव्हतं. आणि एक होता वर्षभराचा कोर्स, शनिवार-रविवार नागपूरला, साइटवरच्या माणसांसाठीच काढलेला. पत्राचा रकाना त्याच्या अर्जात.

मी दोन रविवारवाल्या क्लासकडे झुकलो होतो. बायको भाकऱ्या थापत होती. तिनं हात न थांबवता सांगितलं, "ज्याच्यात पत्र मागते, तोच करा. बाकीचे तुम्हाले काहीच विचारून नाही राहिले."

मला तिचा राग आला, कारण तिला सगळं माहीत होतं.

आता मागचं सांगायला हवं. मी पांढुर्ण्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. हीच गोटमार. बाहेरच्यांना ते वेड वाटतं. मला बाराव्या वर्षी पहिला दगड लागला, कॉलरच्या हाडावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मला माझ्याच कानात ऐकू आला. पुढच्या वर्षी मी पुन्हा पात्रात होतो. नेम शिकलो. माणूस कुठं आहे ते न बघता तो पुढं कुठं असेल तिथं दगड सोडायचा, एवढंच ते असतं. माणसं रक्तानं माखून बाहेर यायची, अंगारा लावून परत जायची. कोणाचा दगड कोणाला लागला हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्या दगडाची तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायचं नाही.

आमच्या साइटवरचा सेंट्रिंगचा मिस्त्री सावरगावचा होता. स्लॅबखाली लोखंडी प्लेटा लावणं, त्यांना टेकू देणं आणि काँक्रीट पिकलं की ते सगळं सोडवणं, हे त्याचं काम. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याचे पुढचे दोन दात नव्हते, ते तुयाच दगडानं गेले असं तो मला चिडवायचा आणि मी पण नाही म्हणायचो नाही. चिडवताना एवढं तुयाच म्हणायचा, कामाच्या वेळी मात्र मला साहेब. मी त्याला अरे-तुरे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरगावला एका कारखान्याच्या ऑफिसचा स्लॅब दोन भागांत टाकायचा होता, आधी पूर्वेचा, मग पश्चिमेचा, नकाशावर तसंच होतं. बीमखालचे टेकू एकवीस दिवस हलवायचे नाहीत हा तिथला नियम. पूर्वेचा भाग टाकायचा त्या आठवड्यात मी तिगावला साळ्याच्या लग्नात होतो. परत आलो, एक भाग टाकून झाला असं कळलं, वर न चढताच रजिस्टरमध्ये नकाशाप्रमाणे पूर्व असं लिहून टाकलं. दुसरा भाग टाकला तेव्हाही मी दुसऱ्या साइटवर होतो, तो पश्चिम म्हणून लिहिला. बीमवर रंगानं तारीख लिहायची असते. मी लिहिली नाही. सगळं डोक्यात आहे म्हणायचो.

पुढं एका दुपारी मी फाटकातून आत आलो तर मिस्त्री पश्चिमेच्या बीमखाली घोडीवर, उंच लाकडी तिवईवर, उभा राहून टेकू ठोकून काढत होता. माझ्या हिशेबानं त्या भागाला अकरा दिवस झाले होते. तो भाग खाली आला असता तर मिस्त्री आणि त्याची दोन माणसं चिरडून गेली असती. मी ओरडलो, पण मिक्सर चालू होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पायाशी गिट्टीचा, जाड खडीचा ढीग होता. मी मुठीएवढा दगड उचलला आणि मारला.

भीतीनं मारला असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. त्याला थांबवायचं असतं तर दगड प्लेटेवर मारला असता, आवाज झाला असता, माझा नेम तेवढा होता. मी तोंडावर मारला. तो वळेल हे मला कळलं होतं आणि तो वळला. डाव्या डोळ्यावर ओला आवाज झाला, तो घोडीवरून पाठीवर पडला आणि त्याच्या बोटांतून रक्त कोपरापर्यंत उतरलं.

त्याची माणसं माझ्यावर धावली. एकानं टेकूचा पाइप माझ्या बरगड्यांवर घातला, दुसऱ्यानं मला पाडून माझ्या हातावर पाय दिला आणि टाच फिरवली. दोन बोटं मोडली. मी मेलोच असतो. मिस्त्रीनं एका हातानं डोळा दाबून धरला होता. जमिनीवरूनच तो म्हणाला, "सोडा त्याले. पांढुर्ण्याचा हाय थो."

दवाखान्यात त्यानं सळई लागली म्हणून सांगितलं. पोलीस आले नाहीत. नागपूरला नेऊनही डोळा राहिला नाही. आणि मी बरगड्या बांधून परत आलो तेव्हा मिक्सरवाल्यानं मला सांगितलं, की पाण्याची टाकी पश्चिमेकडे होती म्हणून माझ्या रजेत पश्चिमेचाच भाग आधी टाकला होता. त्याला तेवीस दिवस झाले होते. मिस्त्री नियमानं काम करत होता.

त्यानंतर मी त्याच्याकडे गेलो नाही. तीन वर्षं सणासुदीला पांढुर्ण्याला आलो की पुलावरून सावरगावकडे बघायचंही टाळलं. आणि आता अर्ज घेऊन त्याच्याच दारात जायचं होतं, कारण तो सोडून मी कोणाकडेही गेलो असतो तर ते पत्र मीच सांगून लिहवून घेतलं असतं.

तो अंगणात बसून प्लेटांना काळं तेल लावत होता. घोडीवर चढता येत नाही, म्हणून आता प्लेटा भाड्यानं देतो. मी सायकलींच्या आडोशाला उभा राहिलो. त्यानं मान पूर्ण डावीकडे फिरवली तेव्हा त्याला मी दिसलो. बस म्हणाला. आतून पाणी आलं, चहा आला. साइटवरचं सगळं तिथं उलटं झालं, मी त्याला तुम्ही म्हणायला लागलो आणि तो मला तू.

मी अर्जाबद्दल सांगितलं. कोर्स कशाचा, तिथं काय शिकवतात, त्यानं नीट विचारून घेतलं. कोणतं काम कधी, कोणी, कशानंतर करायचं ते आधी ठरवून लिहून ठेवायचं, ते सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, असं मी सांगितलं. मग मी चूक माझी होती असं म्हणालो. तेवीस दिवस झाले होते, मी तारीख लिहिली नव्हती, आणि दगड मी तोंडावरच मारला होता.

तो तेलाचा बोळा फिरवत राहिला. "गोटमारीत मारला असता तं मी तुयं नाव घेतलं नसतं," तो म्हणाला. "तवाबी नाई घेतलं. पण थो गोटमारीचा दगड नोता. पात्रात मायाबी हातात दगड रायते. साइटवर मायाजवळ हातोडी होती, अन् थे टेकूसाठी होती."

मला रडू आलं. त्यानं तेलाचे हात पुसले आणि कागद मागितला.

त्याचं अक्षर मोठं आणि तिरकं. एक डोळा कागदाजवळ नेऊन त्यानं बराच वेळ लिहिलं आणि मला वाचायला दिलं. 'साहेब कामात पक्के आहेत. माल चोरत नाहीत, चोरू देत नाहीत. रागात मारतात. मला दगड मारला, डावा डोळा गेला. चूक त्यांची होती. आता बीमवर तारीख टाकतो म्हणतात. मी पाहिली नाही.'

असं पत्र जोडून कोण प्रवेश देणार? माझ्या मनात दोन रविवारवाला क्लास पुन्हा आला, लाज नाही वाटली तेव्हा. मग मी म्हणालो, चला, तारीख दाखवतो. त्यानं सदरा बदलला आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसला.

बोरगावला नव्या शेडचं काम चालू आहे. प्रत्येक बीमवर मी लाल रंगानं तारीख लिहितो, टाकल्याची आणि सोडवायची, दोन्ही. मिस्त्री पहिल्या बीमखाली गेला, मान वळवून उजवा डोळा वर लावला, तारीख वाचली आणि बोटांवर दिवस मोजले. आठ झाले, तेरा बाकी, म्हणाला. मग दुसऱ्याखाली गेला. मग तिसऱ्या. सगळे बीम त्यानं तसेच पाहिले. मग पेन मागून घेतलं, 'मी पाहिली नाही' वर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पाहिली. बरोबर आहे.'

मला वाटलं, आता तो वरचं 'रागात मारतात' हेही खोडेल. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होतो.

तेवढ्यात वरून एक प्लेट सुटली. आमच्यापासून दोन हातांवर आदळली आणि तिचा कोपरा जमिनीत रुतला. वर परांचीवर एक मजूर बावरून उभा होता. मी ओरडलो का, मला आठवत नाही. मिस्त्री वर बघत नव्हता. तो माझ्या हाताकडे बघत होता.

माझ्या हातात गिट्टी होती. ती कधी उचलली, मला कळलं नव्हतं.

"ठेव खाली," तो म्हणाला.

मी ठेवली. त्यानं पेनाला टोपण लावलं, ते माझ्या खिशाला अडकवलं आणि पत्र माझ्या हातात दिलं.

"थे राहू दे तसंच," तो म्हणाला. मी पत्र तसंच जोडलं.